पाचपैकी ५.१ : रेटिंगचे सवाल-जवाब

मागच्या अंकात एक बारकी चौकट टाकली होती, ऑनलाइन साइटींवर कथा-कविता लिहिणाऱ्यांनी रेटिंगबद्दल काय खटकतंय ते कळवा म्हणून. वाटलं होतं पाच-सहा मेल येतील, आले ढीगभर, आणि निम्म्यांत प्रश्न कमी अन् संशयच जास्त, अमक्यानं मुद्दाम पाडलं, तमक्यानं माणसं लावली. म्हणून साइटींची नावं छापत नाही, पत्र पाठवणाऱ्यांचीही नाही, फक्त गाव. मी स्वतः काही वर्षं अशाच एका साइटीच्या मागच्या बाजूला बसून हेच आकडे निस्तरायचं काम केलंय, त्यामुळं शिव्या कुणी खायच्या याचा मला बरापैकी अनुभव आहे.

सर, मी जालन्यात एका बियाण्याच्या दुकानात हिशोब बघतो आणि दोन वर्षांपासून कथा लिहायलो. माझ्या एका कथेला ४.३ रेटिंग आहे, म्हणजे मागच्या दिवाळीपासून ४.३ च आहे. तेव्हा ४० जणांनी मत दिलं होतं. नंतर वीस जणांनी पाच-पाच स्टार दिले, साइट कोणी दिले ते सांगत नाही पण किती दिले ते नोटिफिकेशन येतं, मी वहीत मांडून ठेवतो, धंद्याची सवय. वीसच्या वीस पाच, तरी आकडा जागचा हलला नाही. आणि मागच्या महिन्यात एकानं १ दिला तर दुसऱ्या मिनिटाला ४.२! वर जायला बंदी अन् खाली यायला रस्ता मोकळा, असं कुठं असतंय का?

असतंय. आणि तुमची वही बघून मला काय आनंद झाला ते सांगू शकत नाही, कारण सगळ्या पत्रांत खरीखुरी साइटीची चूक पकडलेलं हे पहिलं पत्र आहे, बाकीचे बहुतेक नुसते तापलेत.

आता हे कसं झालं असणार बघा. सरासरी ठेवायची सरळ रीत म्हणजे दोन आकडे सांभाळायचे, स्टारांची एकूण बेरीज आणि मतांची संख्या, आणि दाखवायच्या वेळी भागाकार करायचा. पण कुण्या आळशी बाबानं बेरीज ठेवलीच नाही, त्यानं फक्त दाखवायचा आकडा ठेवला, ४.३, तोही एका दशांशावर गुंडाळलेला, म्हणजे जवळच्या आकड्याला नेऊन टेकवलेला, आणि नवीन मत आलं की त्या गुंडाळलेल्या आकड्यावरनंच पुढचा हिशोब. मग तुमचं ४१ वं मत, पाच स्टार : ४.३ गुणिले ४० म्हणजे १७२, अधिक ५ म्हणजे १७७, भागिले ४१, उत्तर ४.३१७. एका दशांशावर गुंडाळलं की परत ४.३. ते वरचं ०.०१७ गेलं कचऱ्यात. पुढचा पाच आला, पुन्हा ४.३ पासूनच सुरुवात, पुन्हा थोडं वर, पुन्हा कचऱ्यात. वीस वेळा हेच. तुम्ही पाचाची वीस काय, दोन हजार मतं गोळा केली असती तरी ४.३ च राहिलं असतं, कारण ४.३ आणि ५ मध्ये अंतर फक्त ०.७ चं, आणि चौदाच्या पुढं मतं गेली की एका पाचानं आकडा ०.०५ एवढाही सरकत नाही, आणि तेवढा सरकल्याशिवाय गुंडाळताना वरचा आकडा मिळत नाही.

पण १ चं तसं नाही. ४.३ आणि १ मध्ये अंतर ३.३ चं. तुमचं ६१ वं मत : ४.३ गुणिले ६० म्हणजे २५८, अधिक १, २५९, भागिले ६१, ४.२४६. झालं ४.२. म्हणजे चांगलं मत उंबऱ्यावरच अडकतं आणि वाईट मत सरळ देवघरात. कुणाचा कट नाही, कुणाला ठाऊकसुद्धा नसेल. तुमच्या वहीप्रमाणं खरी बेरीज २७३, भागिले ६१, म्हणजे ४.४८ च्या आसपास, म्हणजे तुमचं म्हणणं बरोबर आणि साइट चूक.

ही चूक नवीन नाही बरं का. कॅनडात व्हँकुव्हरच्या शेअर बाजारानं १९८२ च्या जानेवारीत एक निर्देशांक काढला, सुरुवात १००० पासून. दिवसभरात हजारो वेळा तो नव्यानं काढायचे, आणि दर वेळी तीन दशांशांच्या पुढचं गुंडाळायचे पण नाहीत, नुसतं छाटायचे. बाजार तसा ठीक चालला होता पण निर्देशांक मात्र रोज झिजत झिजत १९८३ च्या नोव्हेंबरात ५२४ वर आला. दुरुस्त करून मांडला तर निघाला १०९८. निम्मा बाजार दशांशाच्या तिसऱ्या घराखाली सांडला होता, आणि तेही जवळजवळ दोन वर्षं.

तेव्हा भाऊ, वहीच्या त्या पानांचा फोटो काढा आणि साइटीच्या सपोर्टला पाठवा, चिडून लिहू नका, फक्त वरची दोन गणितं लिहा. जो कोणी प्रोग्रामर ते वाचेल तो खुर्चीतनं उठेल.

मी हिंगोली जिल्ह्यातला, कविता करतो. मागच्या रविवारी रात्री माझ्या कवितेला पाचपैकी ५.१ रेटिंग दिसलं!! स्क्रीनशॉट जोडलाय. मी स्टेटसला पण ठेवलं. पाच-दहा मिनिटांत ४.६ झालं. मित्र म्हणायलेत मी फोटो एडिट केला. साइट हॅक झाली होती का?

हॅक नाही, आणि मित्रांना सांगा एडिट पण नाही. स्क्रीनशॉटमध्ये कडेला ८ मतं दिसतायत आणि तुम्ही खाली लिहिलंय की संध्याकाळी ९ होती. तिथंच मेख आहे. कुणीतरी आपलं मत परत घेतलं, किंवा त्याचं अकाऊंट बंद झालं.

मोंढ्यातलं उदाहरण घ्या. नऊ पोती मापली, वजन लिहिलं. शेतकऱ्यानं एक पोतं परत गाडीत टाकलं. हमालानं नऊची आठ पोती केली, पण मापाडी चहाला गेलेला, त्यानं वजनातनं ते पोतं अजून खोडलं नाही. त्या वेळेला कुणी आडत्याच्या वहीत डोकावून सरासरी काढली तर एकेक पोतं एकदम भारी निघणार. तुमच्या नऊ मतांची बेरीज ४१ होती, सरासरी ४.५६. मतं आठ झाली, बेरीज ४१ च राहिली, ४१ भागिले ८ म्हणजे ५.१२५. मग मापाडी चहा पिऊन आला, चार स्टारचं मत वजा केलं, ३७ भागिले ८, झालं ४.६.

शहाण्या साइटीत ही दोन्ही कामं एकाच गाठीत बांधलेली असतात, झाली तर दोन्ही नाहीतर एकही नाही, डेटाबेसवाले त्याला ट्रान्झॅक्शन म्हणतात. तुमच्या साइटीत गाठ सैल आहे. स्क्रीनशॉट जपून ठेवा, पाचपैकी पाचाच्या वर मार्क घेतलेला मराठवाड्यातला कवी मी तरी दुसरा पाहिला नाही.

नमस्कार सर. मी जिंतूर तालुक्यात शिक्षक आहे. माझ्या कथेला ३७ रेटिंग होते, सरासरी ४.६२. पंधरा दिवस व्यवस्थित चाललं. परवा सकाळी उठून बघतो तर २९ रेटिंग आणि ४.५५. एकही नवीन रेटिंग आलेलं नाही, कुणी कमी दिलेलं नाही, मग उतरलं कसं? आमच्या शाळेतल्या स्टाफनं एवढ्या प्रेमानं रेटिंग दिले होते. त्यातल्या बऱ्याच जणांना ओटीपी म्हटलं की घाम फुटतो म्हणून अकाऊंट मीच माझ्या मोबाईलवरून काढून दिले होते. हा ग्रामीण लेखकावर अन्याय नाही का?

गुरुजी, तुमच्या पत्रातल्या शेवटून दुसऱ्या वाक्यातच तुमचं उत्तर आहे, तुम्हीच लिहून दिलंय.

एका मोबाईलवरनं एका दुपारी आठ अकाऊंट निघतात, आठही एकाच कथेला भरघोस रेटिंग देतात आणि नंतर एकही अकाऊंट कुठं काही वाचत नाही. यंत्राला तुमचा स्टाफ दिसत नाही हो, त्याला एक फोन दिसतो आणि त्यातनं निघालेली आठ माणसं. अशी मतं साइटी लगेच काढत नाहीत, मुद्दाम काढत नाहीत. अधनंमधनं एक झाडू फिरवतात आणि सगळं एकदम उचलतात, म्हणजे कुठल्या हालचालीमुळं पकडले गेलो ते मतं चिकटवणाऱ्याला कळू नये. रेडिट या चर्चेच्या साइटीवाले तर मतांचे आकडे मुळातच थोडे इकडं-तिकडं करून दाखवतात, त्याच कारणासाठी, बॉट, म्हणजे आपोआप मतं टाकणारा प्रोग्राम, चालवणाऱ्याला आपलं मत धरलं की फेकलं याचा अंदाज लागू नये. त्यात कधी साधी माणसंही भरडतात हे खरंय, कॉलेजच्या हॉस्टेलचं एकच वायफाय असलं की तिथल्या पोरांची खरी मतंसुद्धा जातात, मी स्वतः अशी उडवलीयत आणि नंतर माफी मागून परत लावलीयत.

आपल्याकडं पिकांच्या अंदाजाची पैसेवारी लागते तसं समजा. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग डिसेंबरात अंतिम. सप्टेंबरातला आकडा बघून कुणी पेढे वाटत नाही. ४.६२ ही तुमची नजर पैसेवारी होती, ४.५५ सुधारित. आणि ४.५५ काय वाईट आहे का, २९ परक्या माणसांनी दिलेलं ४.५५, माझ्या मते ते आधीच्या ४.६२ पेक्षा भारी आहे.

बाकी एक गंमत, सांगू की नको असं झालंय, पण सांगतो. ३७ गुणिले ४.६२ म्हणजे बेरीज १७१. २९ गुणिले ४.५५ म्हणजे १३२. गेलेल्या आठ मतांची बेरीज ३९. आठ पाचे चाळीस. म्हणजे तुमच्या स्टाफपैकी एकानं तुमच्यासमोर, तुमच्याच मोबाईलवर, चारच स्टार दिले. कोण ते तुमचं तुम्ही बघा.

माझ्या फोनवर माझी कथा ४.७ आणि मिस्टरांच्या फोनवर ४.४, तेही एकाच वेळी, शेजारी शेजारी बसून. खरं कुठलं? (नांदेड)

ज्या फोनला ताजं पान मिळालं त्याचं. लोकप्रिय पानं दर वेळी नव्यानं बनवत बसलं तर साइट कोलमडेल, म्हणून तयार पान झाकून ठेवतात आणि काही वेळ तेच वाढतात, सकाळच्या भाकरी दुपारी वाढाव्यात तसं. दोन फोनला दोन वेगवेगळ्या टोपल्यांतनं वाढलं गेलं. यूट्यूबवर तर कैक वर्षं व्हिडिओचे व्ह्यूज ३०१ ला येऊन अडकायचे, खाली लाइक हजारभर आणि व्ह्यूज ३०१, कारण तिथनं पुढं बोगस व्ह्यूज तपासल्याशिवाय आकडा वर सरकू द्यायचे नाहीत. २०१५ मध्ये ते बंद केलं. मिस्टरांचा फोन मुद्दाम कमी दाखवत नाही, तेवढं मनातनं काढा.

रोज पहाटे साडेपाचला 'आजच्या टॉप कथा' मधून माझी कथा गायब होते. रात्री बारापर्यंत जागून बघितलं, तेव्हा असते. साडेपाचला नळाला पाणी येतं म्हणून उठतो तर गेलेली! पहाटे कोण बसून हे करतंय? (अंबाजोगाई)

कुणी नाही. साइटीचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर चालतं आणि आपली वेळ त्याच्या बरोबर साडेपाच तास पुढं, कारण आपली वेळ साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावरनं धरलेली आणि दर पंधरा अंशाला एक तास. तिकडं रात्रीचे बारा वाजले की 'आज' संपतो, तेव्हा आपल्याकडं पहाटेचे साडेपाच असतात. तुमची कथा पडत नाही, तारीख बदलते. यातनं एक फायदा काढता येतो, कथा रात्री दहाला टाकण्याऐवजी पाणी भरून झाल्यावर सहाला टाका, पूर्ण दिवस मिळेल.

माझ्या कवितेला ५ पैकी ५ आहे, तरी यादीत ४.३ वाल्या एका कथेच्या खाली दाखवतात. हा सरळसरळ भेदभाव आहे. (परभणी)

तुमच्या कवितेला मतं किती? पत्रात लिहिलं नाही म्हणून साइटीवर जाऊन बघितलं, एक. त्या कथेला दोनशे. एका मताच्या जिवावर पहिला नंबर द्यायचा म्हणजे पोत्यातला मूठभर माल बघून अख्ख्या ट्रकचा भाव ठरवण्यासारखं झालं.

म्हणून यादी लावताना बऱ्याच साइटी प्रत्येकाच्या झोळीत काही मतं आधीच टाकतात, साइटीच्या एकूण सरासरीएवढी. समजा २५ मतं, प्रत्येकी ४ ची. तुमची बेरीज १०० अधिक ५, भागिले २६, म्हणजे ४.०४. त्या कथेची ८६० अधिक १००, भागिले २२५, म्हणजे ४.२७. सिनेमांच्या आयएमडीबी साइटीनं आपल्या टॉप २५० साठी याच धाटणीचं सूत्र स्वतःच छापलं होतं, त्यामुळं यात लपवाछपवी काही नाही. मतं वाढली की ती उसनी मतं आपोआप पातळ होत जातात. भेदभाव नाही, आणि तुम्ही पत्रात त्या कथेच्या लेखकाबद्दल जे लिहिलंय ते मी छापत नाहीये.

दादा, मी लातूरची. माझ्या साइटीवर साडेचार किंवा वर असलं की कथेवर पिवळा बॅज लागतो. माझ्या कथेला १२ मतं होती आणि ४.८ दिसायचं, बॅज होता. मग एकानं १ स्टार दिला. आता १३ मतं, ४.५ दिसतंय, पण बॅज गेला! साडेचारला बॅज आहे असं त्यांनीच लिहिलंय ना? आणि तो १ देणारा कोण ते काढून द्याल का, मला एका बाईवर शंका आहे, आमच्याच ग्रुपमधली आहे.

ताई, आधी बॅजचं. तुमच्या १२ मतांची बेरीज ५७, म्हणजे ४.७५, ती वर गुंडाळून ४.८ दिसत होती. त्यात १ आला, ५८ भागिले १३, म्हणजे ४.४६. दाखवताना ते गुंडाळून ४.५ होतं, पण बॅज लावणारा जो भाग आहे तो गुंडाळलेला आकडा बघतच नाही, तो खरा ४.४६ बघतो, आणि तो साडेचारच्या आत. पैसेवारीत ५० च्या आत की बाहेर यावर दुष्काळाच्या सवलती अडतात, गाव ५१ वर असलं तर शेतात जाऊन बघितलं तरी फरक सांगता येत नाही पण कागदावर फरक पडतोच, तसलंच हे. साइटीची चूक म्हणाल तर एवढीच की वाचकाला एक आकडा दाखवायचा आणि निकाल दुसऱ्या आकड्यावर द्यायचा. दोन दशांश दाखवले असते तर तुमचं हे पत्रच आलं नसतं.

१ कुणी दिला ते मला काढता येत नाही आणि आलं असतं तरी सांगितलं नसतं. त्या बाईशी भांडण काढायच्या आधी घरातल्या लोकांना विचारून बघा, असं मी ताईंना मेलवर कळवलं होतं, अनुभवावरनं.

अंक छपाईला जायच्या दोन दिवस आधी त्यांचा परत मेल आला, तो तसाच देतो :

'दादा, सापडले. आमचे मामा, म्हणजे माझे सासरे. दिवाळीत मुलानं त्यांना नवा मोबाईल घेऊन दिला, ओटीपीसकट सगळं त्यांनी स्वतः केलं आणि पहिली माझीच कथा वाचली. मी विचारलं मामा तुम्ही किती स्टार दिले, तर म्हणाले, "पोरी, एक नंबर लिहिलीस की गं, म्हणून एक दाबला." मला हसावं का रडावं कळेना. मग त्यांच्या शेजारी बसून पाच दाबून घेतले. पाचवा दाबताना म्हणाले, पाचवा नंबर द्यायला मला बरं वाटंना. आता ६२ भागिले १३, ४.७७, मी पण करायला शिकले. ४.८ लगेच दिसलं पण बॅज काही येईना, मामा रात्री तीनदा उठून बघून आले. आज पहाटे साडेपाचला आला.'